खडू हातात असेपर्यंत

आमच्या आत्याबाई त्याला गणिताचा सप्ता म्हणत. गावात हरिनामाचा सप्ता बसतो तसाच हाही. फक्त इथे टाळ नाहीत, मृदंग नाही आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी डुलत नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. माणूस मात्र त्यांना चालण्यावरून कळे. त्या गणिताच्या सप्त्याला त्या माझ्यासोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसल्या. देशातल्या मोठमोठ्या गणितज्ञांच्या घोळक्यात इतका वेळ बसलेली आणि एक अक्षरही न समजलेली बाई दुसरी कुठे असेल असं मला वाटत नाही. अर्थात न समजलेले पुरुष पुष्कळ होते. ते मान हलवत होते, एवढंच.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. कामगारांसाठी क्वार्टर्स बांधून झाल्या होत्या, पण कामगार यायचे होते. कारखान्यातले एक मोठे साहेब पूर्वी गणिताचे विद्यार्थी होते. त्यांनी मे महिन्यापुरत्या त्या रिकाम्या खोल्या संशोधकांच्या शिबिराला देऊन टाकल्या. मुंबई, मद्रास, कलकत्ता, पुणे अशी चहूकडची मंडळी वळकट्या घेऊन आली; आपसात बोलणं सगळं इंग्रजीत. खोल्यांना ताज्या चुन्याचा वास होता. नळ बसवलेले होते, पण पाणी टँकरचं. पुरेसा मोठा फळा कुठे मिळेना, तेव्हा मधल्या लांब खोलीची एक अख्खी भिंतच काजळी कालवून काळी करून टाकली. पुढे त्या खोलीत राहायला आलेल्या कुटुंबाने त्या भिंतीवर चुन्याचे किती हात मारले असतील, देव जाणे.

मी गणितात एम.ए. झाले होते आणि मग माझं लग्न झालं होतं. यजमान माझ्या वडिलांचे विद्यार्थी, घरातले पहिले पदवीधर, पिंपरीतच आधीपासून चालू असलेल्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला. लग्नानंतरही मी पुण्याच्या माझ्या सरांकडे अधूनमधून जाई. एका विशिष्ट जातीच्या समीकरणांना पूर्णांकात उत्तरं कधी असतात आणि कधी नसतात, हा माझा विषय. चुलीपुढे, गोठ्यात, गाडीची वाट बघताना असं करत करत मी एक सिद्धता उभी केली होती. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "मुंबईच्या संशोधन संस्थेत जूनपासून एक जागा आहे. शिबिरात तुमची सिद्धता टिकली तर तुमचं नाव मी देतो. नाही टिकली, तर मला काही बोलता येणार नाही."

घरी मी हे सांगितलं. यजमान "जा की" म्हणाले, पण ते रात्रपाळी करून आले होते आणि अर्धे झोपेत होते, म्हणून ते मी धरलं नाही. घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा. त्या म्हणाल्या, "खरं निघालं तर जा मुंबईला. खोटं निघालं तर हितल्या शाळंत पोरं शिकीव. पन मधीच लोंबकळत न्हाई ऱ्हायाचं."

तर असं माझं सगळं त्या काळ्या भिंतीवर येऊन ठेपलं होतं.

इतक्या पुरुषांत मी एकटी बाई. गावाला जीभ असते आणि ती उन्हाळ्यात जास्त चालते. म्हणून आत्याबाईंनीच ठरवलं की त्या रोज बरोबर येणार. सकाळी आम्ही दोघी चिंचवडहून चालत निघायचो. त्यांच्या डोक्यावर चिंचांची पाटी असायची. खोलीत मागे खिडकीशी बसून त्या दिवसभर चिंचा फोडत आणि चिंचोके वेगळे करत. पहिल्या दिवशी त्या ठोक-ठोक आवाजाने काही माना वळल्या. आत्याबाईंनी त्या मानांकडे असं पाहिलं की पुन्हा वळल्या नाहीत.

आता त्या शिबिराचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. मुंबईचे संयोजक मोठे बुद्धिमान आणि तितकेच हट्टी होते. त्यांचं म्हणणं असं की स्वतःची सिद्धता स्वतः सांगताना माणूस फटी बुजवत जातो. हात हलवतो, हसतो, "हे तर उघडच आहे" म्हणतो आणि पुढे सटकतो. म्हणून त्यांच्या शिबिरात कुणीही आपलं काम आपण मांडायचं नाही. दुसऱ्याने ते वाचून भिंतीवर मांडायचं. ज्याच्या हातात खडू, त्याने मांडायचं; बाकीच्यांनी हवं ते विचारायचं. मूळ लेखकाने गप्प बसायचं. मांडणाऱ्याने खडू खाली ठेवला की मगच लेखकाने तोंड उघडायचं. एरवी जेवताना, फिरतानाही त्या दोघांनी त्या विषयावर बोलायचं नाही, की कुणाकरवी निरोप द्यायचा नाही. पहिले काही दिवस मला हा नियम फार आवडला, कारण गप्प बसायची पाळी दुसऱ्यांवर येत होती.

माझं काम वाट्याला आलं ते मद्रासच्या एका वयस्क प्राध्यापकांच्या. स्वच्छ पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आवाज इतका मऊ की पुढच्या ओळीलाही कान द्यावा लागे. गृहस्थ देवमाणूस. नियम इतका काटेकोर पाळायचे की मी व्हरांड्यात दिसले तर ते दुसऱ्या दाराने जायचे. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "ह्यो मानूस कुनाचं वाईट करनार न्हाई. पन भलं करताना लई वेळ लावील."

माझ्या सिद्धतेचा पहिला भाग त्यांनी माझ्यापेक्षा सुंदर मांडला. मला वाटलं, जिंकलं. मग ते एका ओळीपाशी आले आणि थांबले. त्या ओळीत मी लिहिलं होतं, 'हे सर्वश्रुत आहे.' ते भिंतीकडे बघत राहिले. मग वळून हळूच म्हणाले, "हे मीही ऐकलेलं आहे. पण हे सिद्ध कुणी केलं?"

खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. कलकत्त्याचे एकजण म्हणाले, हे मुंबईच्या लोकांचं काम ना? संयोजक म्हणाले, छे, आम्ही तर समजत होतो की हे कलकत्त्यात झालंय. कुणी म्हणालं, जर्मनीत. कुणी म्हणालं, फार जुनं आहे, शंभर वर्षांपूर्वीचं असेल. माझे सर पहिल्या ओळीत बसले होते. ते चिडून म्हणाले, "अहो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या गुरूंनी मला वर्गात सांगितलं होतं." मद्रासच्या प्राध्यापकांनी नम्रपणे विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने ते सिद्ध केलेलं आहे. इतकी हुशार माणसं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त झोपली होती. सामान्य माणूस अशी चूक करणार नाही. तो गाय विकत घेतानाही दात बघतो. मी मात्र हसण्याच्या स्थितीत नव्हते, कारण माझं अख्खं घर त्या ओळीवर उभं होतं.

अशा वेळी कुणीही खडू ठेवला असता. पण मद्रासच्या प्राध्यापकांच्या कानावर माझ्या मुंबईच्या जागेची गोष्ट गेली होती. आपण खडू ठेवला तर या मुलीची सिद्धता पडली असा अर्थ होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते म्हणाले, "मग आपण ते इथेच सिद्ध करू." आणि भिंतीकडे वळले.

ती सगळी सकाळ ते लिहीत आणि पुसत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. शिबिर संपत आलेलं, आणि ते जे सिद्ध करू बघत होते ते माझ्या सगळ्या कामाहून कितीतरी अवघड होतं. संयोजक खुर्चीत शांत बसून होते. नियमाला वेळेची मर्यादा नव्हती, कारण ती घालावी लागेल असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. मी मधल्या ओळीत बसून पदराचं टोक चावत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दोन दिवसांत कळलं. शिव्या देणाऱ्या माणसाशी भांडता येतं. आपल्या भल्यासाठी घाम गाळणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माझी सिद्धता शेवटाकडून उलटी वाचायला घेतली. प्रत्येक ओळीला विचारत गेले, तुला मागच्या ओळीकडून नेमकं काय हवंय? जेवढं मागतेस तेवढं खरंच लागतं का? यात काही साक्षात्कार नव्हता. तांदूळ निवडण्याइतकं कंटाळवाणं काम होतं. पण दिवेलागणीच्या सुमाराला मला दिसलं की त्या 'सर्वश्रुत' गोष्टीतला एक लहानसा भागच मी वापरते आहे. सगळे म्हणत होते की ती गोष्ट सगळ्या संख्यांना लागू आहे. मला ती फक्त मूळ संख्यांपुरती पुरेशी होती. आणि मूळ संख्यांपुरती ती सिद्ध करणं कठीण नव्हतं. मी ते करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं, आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. म्हैस बिचारी दचकली.

सकाळी वाटेत मी आत्याबाईंना सांगितलं, "मला सापडलंय. ते गृहस्थ सगळा सिंहगड चढू बघताहेत, आणि मला फक्त पायथ्याशी जायचंय."

"मग सांग की त्यास्नी."

"बोलायला बंदी आहे. त्यांनी खडू खाली ठेवल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही."

"आन् ते ठेवत न्हाईत."

"माझ्या भल्यासाठी ठेवत नाहीत."

आत्याबाई देवळाच्या वळणाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "तू फुडं हो. मी देवळातनं येते."

मी पुढे झाले. मनात आणखी एक भीती होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. माझ्या सरांचे दोन नावाजलेले निबंध त्याच 'सर्वश्रुत' गोष्टीवर उभे होते आणि त्यांना ती पूर्ण लागत होती. मूळ संख्यांवर त्यांचं भागत नव्हतं. मी भिंतीपाशी जाऊन खरं बोलले, तर माझी सिद्धता उभी राहत होती आणि सरांचे निबंध कोसळत होते. आणि मुंबईला माझं नाव देणारे सरच होते.

मद्रासचे प्राध्यापक भिंतीपाशी उभे होतेच. डोळे सुजलेले, उपरण्यावर खडूची भुकटी. लिहायला लागले. पुसायला लागले. तेवढ्यात मागच्या दारातून आत्याबाई आल्या. आज पाटी नव्हती. हातात केळीच्या पानाचा तुकडा होता. त्या आपल्या जागेवर बसल्या नाहीत. ओळींमधून सरळ चालत भिंतीपाशी गेल्या आणि प्राध्यापकांच्या समोर उभ्या राहिल्या.

"मंगलमूर्तीचा परसाद हाय," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांना मराठीचा गंध नव्हता, पण पानावरचं खोबरं, खडीसाखर आणि वरचं जास्वंदीचं फूल पाहून सांगायची गरज उरली नाही. त्यांनी पटकन मान झुकवली. खडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला.

आत्याबाईंनी प्रसाद दिला नाही. त्या नुसत्या त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. एका हाताने प्रसाद घ्यायचा? आणि दुसऱ्यात खडू? आपल्या आईने बघितल्यावर शाळकरी मुलगा जसा ओशाळतो तसे ते ओशाळले. त्यांनी खडू बाजूच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दोन्ही हात उपरण्याला पुसले आणि उजव्याखाली डावा धरून ओंजळ पुढे केली. आत्याबाईंनी प्रसाद घातला.

"खडू खाली," संयोजक म्हणाले.

खोलीत खसखस पिकली. प्राध्यापकांच्या तोंडात खोबरं होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. मागून कुणीतरी हरकत घेतली की हे काही खरं खडू ठेवणं नव्हे. संयोजक गंभीरपणे म्हणाले, "खडू का ठेवला हे विचारायचं असं नियमात नाही. बाई, या आता."

पुढे आत्याबाईंना मी विचारलं की हे तुम्ही मुद्दाम केलंत का. त्या म्हणाल्या, "परसाद खडूच्या हातानं घेत्यात व्हय? त्यांच्या मद्रासात घेत असतील." याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

आत्याबाई मागे आपल्या जागी जाऊन बसल्या आणि मी उठले. खडू उचलला. सर अगदी समोर होते. मी ठरवून त्यांच्याकडेच बघून बोलले, कारण भिंतीकडे बघून बोलणं भ्याडपणाचं झालं असतं.

"ही गोष्ट कुणीही सिद्ध केलेली नाही," मी म्हणाले. "मलाही ती पूर्ण सिद्ध करता येत नाही. ती खरी आहे की नाही हेही मला माहीत नाही. पण माझ्या कामाला तिचा एकच भाग लागतो, आणि तो मी इथे करून दाखवते."

आणि मी दाखवला. भिंतीच्या एका कोपऱ्यात मावला. मद्रासचे प्राध्यापक पहिल्या काही ओळींतच हसायला लागले, कपाळावर हात मारून, अगदी मोकळेपणाने. कलकत्त्याच्या गृहस्थांनी बाक वाजवला. सगळं संपल्यावर सर उठले, चष्मा पुसला आणि खोलीबाहेर निघून गेले. दुपारी पंगतीत त्यांची जागा रिकामी होती.

घरी येताना मी आत्याबाईंना म्हणाले, "खरं निघालं, पण मुंबई गेली." का, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "गुरूचं झाकलेलं उघडं केलंस म्हंजी."

"हो."

"झाकून ठिवलं असतंस तर?"

"तर माझंही खोटंच राहिलं असतं."

"मग रडतीस कशापायी?" त्या म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी मला भाकरी करू दिली नाही, स्वतः केल्या.

शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे दुरुस्त केलेली सिद्धता पुन्हा एकदा, पहिल्यापासून, दुसऱ्या कुणीतरी मांडायची होती. तशी मांडली आणि कुणाला शंका उरली नाही, की ती टिकली. संयोजकांनी विचारलं, "कोण घेणार?" मद्रासच्या प्राध्यापकांनी हात वर केला. पण त्यांच्या आधी पहिल्या ओळीतून सर उठले होते. ते कधी येऊन बसले ते मी पाहिलंही नव्हतं.

त्यांनी खडू घेतला. पहिला भाग त्यांनी झपाझप मांडला. मग ती ओळ आली. सर थांबले आणि सगळ्यांकडे वळले.

"हे मला माझ्या गुरूंनी सांगितलं," ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं असावं. आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. माझे दोन निबंध यावर उभे आहेत. आजपासून ते अपुरे समजावेत. ज्यांनी ते आपल्या कामात वापरले असतील, त्यांना मी स्वतः कळवीन." एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि मूळ संख्यांचा माझा भाग त्यांनी सावकाश, एकही पायरी न गाळता मांडला. नव्या मुलांना शिकवतात तसा. शेवटची ओळ लिहिली आणि विचारलं, "शंका?"

एकही हात वर झाला नाही. बाहेर टँकरमधून पाणी भरण्याचा आवाज येत होता. सरांनी खडू खाली ठेवला आणि संयोजकांना म्हणाले, "मुंबईसाठी मी यांचं नाव देतो आहे. आणि त्यांनी तिथे पहिलं काम हे करावं की ती गोष्ट सगळ्या संख्यांसाठी खरी आहे की नाही, ते बघावं. माझ्या निबंधांची काळजी त्यांनी करू नये."

मला इतका आनंद झाला आणि सरांचं इतकं वाईट वाटलं की मी दोन्ही एकदम सावरू शकले नाही. मी नुसती हात जोडून उभी राहिले. मागून आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनले?" मी भर खोलीत मराठीत सांगितलं, "जा म्हणाले."

त्या दिवशी परतताना ऊन कलतं झालं होतं. चाकणहून कांदे घेऊन पुण्याकडे निघालेल्या बैलगाड्या रस्त्याने चालल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या धुळीतून कडेकडेने चालत होतो. आत्याबाईंना आपला शब्द आठवत होता आणि तो आता त्यांना पाळायचा होता. घरात दोन म्हशी, कारखान्याच्या पाळ्या करणारा मुलगा आणि शेत, हे सगळं त्यांच्या एकटीवर पडणार होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. निदान पहिला महिना."

"मी न्हाई येनार."

"का? तिथेही सगळे पुरुषच असतील."

"असू देत की," त्या म्हणाल्या. "काल तू भिंतीपाशी हुबी ऱ्हाऊन बोललीस न्हवं, तवा मी पार मागं हुते. काय बोललीस ते कळलं न्हाई मला. पन आवाज आला, समदा आला. आता कशाला पायजे राखण?"